जमावबंदी नव्हे, क्षेत्रसभा

मार्च 2016 मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, असा हुकूम निघाला. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. रेल्वे सर्वांच्या स्मरणात राहिली. त्या हुकुमाचाही विसर पडता कामा नये.

शेजाऱ्यांत पाण्यावरून तंटे होतात ते माणसे भांडखोर असतात म्हणून नव्हे. टँकर कोणत्या गल्लीत आधी जावा, घरटी किती घागरी मिळाव्यात, बोअर आटलेल्या कुटुंबाची सोय कोणी करावी, हे सर्वांसमक्ष आधी ठरलेले नसले की ते रांगेतच, हातघाईवर येऊन ठरते. मांजरा धरण कोरडे पडणे हा अवर्षणाचा कोप मानला, तरी वाटपातील अव्यवस्था ही मनुष्यकृतच होय. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे; पण नळ किती दिवसांआड यावा, हा प्रश्न नदीकाठीही सुटत नाही.

अशा प्रश्नांसाठीच 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. परिसरातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या गरजांचा क्रम लावावा, हा तिचा हेतू. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली आहे. टंचाईत जमावबंदीचा हुकूम एका दिवसात निघतो. सुकाळात सभेची नोटीस मात्र निघत नाही. शेजाऱ्यांचे मतभेद मिटवावयाचे, तर त्यांना पांगवून चालणार नाही. वेळीच एकत्र बसवावे लागेल.