चूक लेखकाची, शिक्षा वाचकास कां?

लोहमार्गाची रुंदी ठरविणारा एक असतो आणि तिचा त्रास सोसणारा दुसराच असतो, हें मराठवाड्यांतील लोकांस निराळें सांगावयास नको. नांदेडचा मार्ग पूर्वीं मीटर गेजचा होता, तर १९११ सालीं लातुरास पोंचलेला बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग अवघा अडीच फुटांचा. कुर्डुवाडीस आलें कीं उतारूनें गाडी बदलावी, हा क्रम कित्येक दशकें चालला; तेथवर ब्रॉड गेज पुरा होण्यास २००८ साल उजाडलें. आंतरजालावरही असाच एक घोटाळा झाला. तो कसा निस्तरावा याविषयीं ब्राउझर निर्माण करणाऱ्यांत मतभेद पडला. त्यासंबंधीं आमचें मत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

संकेतस्थळाच्या पानांचें रंगरूप सीएसएस नामक भाषेंत लिहितात. एखादें नवें साधन प्रयोगावस्थेंत असतां तें कोणीं पक्कें समजूं नये, म्हणून त्याच्या नांवाच्या आरंभीं निर्मात्याची खूण लावण्याचा प्रघात पडला. सफारीची खूण ‘वेबकिट’, फायरफॉक्सची ‘मॉझ’, मायक्रोसॉफ्टची ‘एमएस’, ऑपेराची ‘ओ’. नियम ठरला कीं खूण गळून पडावी, असा मूळ हेतु होता. परंतु २००७ सालीं आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आला. दोहोंच्याही ब्राउझरांत वेबकिट असल्यामुळें पुष्कळ लेखक तेवढीच एक खूण लिहूं लागले. न समजलेली ओळ ब्राउझरनें मुकाट्यानें गाळावी, असा सीएसएसचा नियमच आहे. त्यामुळें इतर ब्राउझरांत रंगछटेची पार्श्वभूमि नाहींशी होई, आणि तिच्यावरील पांढरीं अक्षरें पांढऱ्या पानावर दिसेनाशीं होत.

२०१२ च्या फेब्रुवारींत सीएसएस कार्यगटाचे सहाध्यक्ष डॅनियल ग्लाझमन यांनीं, एकाच खुणेवर विसंबून पानें लिहूं नका, असें लेखकांस जाहीर आवाहन केलें. तथापि त्याच वर्षीं एप्रिलांत ऑपेरानें वेबकिटच्या कांहीं खुणा आपल्या मोबाइल ब्राउझरांत मान्य करण्याचें ठरविलें. आणि २०१६ च्या सप्टेंबरांत फायरफॉक्सच्या ४९ व्या आवृत्तीनेंही तोच मार्ग धरिला.

परक्याची खूण मानणें म्हणजे लेखकाच्या आळसास बक्षीस आणि बलिष्ठास नजराणा, असा यावर आक्षेप आहे. तो पोकळ नाहीं. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसलेल्या मुलास बटणच दिसलें नाहीं, तर त्यांत त्याचा अपराध काय? पान लिहिणारा निघून गेलेला असतो; जुनें पान कोणी दुरुस्त करीत नाहीं. तत्त्वासाठीं त्रास सोसावाच, परंतु तो स्वतः सोसावा. दुसऱ्यास सोसावयास लावून आपण तत्त्वनिष्ठ म्हणवून घेणें आम्हांस मान्य नाहीं.

मराठीचाही अनुभव हाच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं अनेक मराठी संकेतस्थळें आपापले निराळे फाँट वापरीत. तो फाँट नसला कीं अक्षरांच्या जागीं निरर्थक चिन्हें उमटत. त्या काळीं फायरफॉक्सला जोडतां येणारें ‘पद्म’ हें साधन तसल्या मजकुराचें युनिकोडांत रूपांतर करून दाखवी. त्यानें फाँटांची बेबंदशाही वाढली नाहीं. वाचकाची मात्र सोय झाली, आणि पुढें युनिकोडच रूढ झालें.

मात्र या सवलतीस मर्यादा हवी. ज्या खुणांवांचून पानें मोडतात तेवढ्याच घ्याव्या, आणि त्यांचा अर्थ उघडपणें लिहून ठेवावा. व्हॉटडब्ल्यूजी मंडळाच्या ‘कम्पॅटिबिलिटी स्टँडर्ड’नें हें काम केलें आहे, त्यामुळें त्या खुणा कोणा एकाच्या मालकीच्या राहिल्या नाहींत. क्रोमच्या ब्लिंक प्रकल्पानेंही २०१३ सालीं नव्या खुणा न काढण्याचें ठरविलें, हें योग्यच झालें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक उद्यां अशीं पानें लिहितील. तेव्हां खुणेची ओळ लिहावीच लागली तर तिच्याखालीं बिनखुणेची, सर्वमान्य ओळ अवश्य लिहा; आणि पान निदान दोन ब्राउझरांत उघडून पाहा. आपल्यासमोर नसलेल्या वाचकाची काळजी वाहणें, हेंच लेखकाचें पहिलें कर्तव्य होय.