देश कसले निवडता, आभाळ निवडा!

विमान चालवायला शिकायचं मनात आलं की माणूस पहिल्यांदा नकाशा उघडतो आणि तिथेच चुकतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मत द्यायचा मला काय अधिकार, असं तुम्ही विचाराल. मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. आहे आणि आजवर चालवलेलं सर्वांत मोठं वाहन म्हणजे स्कूटर. पण जाहिरातीतला ठळक आकडा आणि तळाची बारीक ओळ यांतलं अंतर मोजण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, आणि या धंद्यात तेच अंतर सगळ्यात मोठं आहे.

झालं असं. आमच्या हिचा धाकटा भाऊ हिंजवडीत संगणकापुढे बसून पाठीचा कणा झिजवतो. त्याला विमानाचा खासगी परवाना काढायचाय. खासगी म्हणजे विमान उडवायचं, पण त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. (आमच्या घराण्यात मुली देताना असलीच स्थळं बघतात.) इथल्या एका क्लबात त्याने नाव घालून पाहिलं. विमान असेल तेव्हा शिक्षक नाही, शिक्षक असेल तेव्हा विमान दुरुस्तीला, आणि दोघं एकत्र भेटले की पाऊस. म्हणून परदेश. हाताशी सहा आठवड्यांची रजा आणि आठ वर्षांत साठवलेले 15 लाख. दोन्ही परत मिळण्यासारखं नाही.

दिवाळीच्या फराळाला सभा बसली. सासरे म्हणाले, "इंग्लंड. विलायतेचा शिक्का तो शिक्का." न्यू जर्सीच्या आत्याबाईंनी फोनवरून राहण्याजेवण्याची सोय जाहीर केली. शेजारचे काका दक्षिण आफ्रिका म्हणाले, कारण तिथे रुपयाला जरा मान आहे. मेहुण्याच्या बायकोने न्यूझीलंड काढलं, कारण माहितीपत्रकात विमानामागे बर्फाचा डोंगर होता आणि पुढे मेंढ्या.

पावसाचं नाव कोणीही काढलं नाही! लग्नाचा हॉल ठरवताना याच मंडळींनी सहा महिने पंचांग आणि पावसाळा यांचा मेळ घातला होता.

अहो, नवशिक्याने डोळ्यांनी बघून उडवायचं असतं. ढग खाली उतरले की विमान जमिनीवर, विद्यार्थी कॅन्टीनमध्ये आणि रजा वर गेलेली. इंग्लंडात डिसेंबरात दिवस उजाडतो तो मावळण्यासाठीच. जानेवारीत न्यू जर्सीत आत्याबाईंच्या दारातला बर्फ उपसावा लागेल. फ्लोरिडाचं फार कौतुक ऐकतो, पण तिथे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, आणि उन्हाळ्यात दुपारी गडगडाट ठरलेला. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर. हवा मुळातच विरळ, त्यात नोव्हेंबरपासून दुपारची वादळं.

जर्मनीची लुफ्तान्सा कंपनी! तिच्याकडे पैसा होता, विमानतळ होते, शिस्त तर विचारूच नका. तरी तिने आपली पोरं कित्येक दशकं शिकायला कुठे पाठवली? अमेरिकेच्या ॲरिझोनात, वाळवंटात. दुसऱ्या महायुद्धात खुद्द ब्रिटिशांनी 1941 पासून त्याच ॲरिझोनात, मेसा गावी, आपले वैमानिक घडवले. जर्मन विमानांचा धोका हे एक कारण. ऊन हे दुसरं. म्हणजे इंग्लंडच्या आभाळावर इंग्रजांचा भरवसा नाही आणि आमच्या सासऱ्यांचा आहे.

"मग टाटा कुठे शिकले?" सासऱ्यांनी शेवटचा बाण काढला.

"मुंबईत. परवाना क्रमांक एक, 10 फेब्रुवारी 1929. फेब्रुवारी, बाबा! जुलै नव्हे."

आता तासांचं. अमेरिकेत किमान 40 तास, इंग्लंड, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेत 45, न्यूझीलंडात 50. काकांनी लगेच गुणाकार करून 40 वाला देश स्वस्त ठरवला. यातला 'किमान' हा शब्द म्हणजे आमच्या जाहिरातीतला 'अमुक टक्क्यांपासून'. त्या 'पासून'वर उभा असलेला गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. बहुतेकांना साठ-सत्तर तास लागतात. शिवाय भेळेसारखं विमानातही ओलं आणि सुकं असतं: वेट दर पेट्रोलसकट, ड्राय दर पेट्रोलशिवाय. इंजिन सुरू झालं की रिक्षासारखा मीटर पडतो. मोठ्या विमानतळावर धावपट्टीच्या रांगेत उभं राहिलात तर सिग्नलचेही पैसे तुमचेच. शिक्षकाचे वेगळे, परीक्षकाचे वेगळे. इंग्लंडात तर उतरण्याचेही पैसे घेतात, आणि नवशिक्या दिवसभर दुसरं करतो काय?

"पण भावोजी, आत्याकडे राहिलो तर पर्यटक म्हणून जाता येईल ना?" मेहुण्याने विचारलं. नाही रे बाबा. अमेरिकेत परवान्यासाठी शिकायचं तर एम-1 व्हिसा लागतो, तोही परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या शाळेमार्फत. आणि 2001 च्या हल्ल्यानंतर बोटांचे ठसे देऊन सुरक्षा तपासणी होते ती वेगळीच. आणि परवाना विमानाच्या नोंदणीच्या देशाशी बांधलेला असतो, 1944 च्या शिकागो करारापासून. आपल्याकडच्या 'व्हीटी' अक्षरांच्या विमानात बसायचं तर परत येऊन इथली वैद्यकीय तपासणी आणि इथल्या नियमांचा पेपर आहेच. मग ती तपासणी जायच्या आधीच का करू नये? डोळ्यांचा दोष ॲरिझोनात सापडण्यापेक्षा सदाशिव पेठेत सापडलेला बरा. स्वस्तही पडतो.

मी खरा भडकलो तो नंतर. एका एजंटाने पत्रक दिलं होतं: "21 दिवसांत परवाना हमखास. पूर्ण रक्कम आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट." मेहुण्याने चेकबुक काढलेलं.

विमानाच्या शाळा एका रात्रीत बंद पडतात. दिवाळं निघालं की रांगेत पुढे बँक असते आणि आगाऊ पैसे भरलेला विद्यार्थी पार शेवटी. मी त्या रांगेच्या पुढच्या टोकाचा माणूस आहे म्हणून सांगतो, मागे काही पोचत नाही. आणि हमखास म्हणजे काय? वारा आडवा असताना "आज नको" म्हणायचा हक्क ज्या शिक्षकाने 21 दिवसांना विकलाय, त्याच्या शेजारी मी टांग्यातसुद्धा बसणार नाही. मग आमच्या हिच्या एकुलत्या एका भावाला बसू देऊ?

चेकबुक परत खिशात गेलं. तपासणी झाली, डोळे ठीक निघाले. रजा फेब्रुवारीवर ढकलली, शाळा ॲरिझोनातली, पैसे थोडे थोडे भरायचे. आत्याबाईंनी मात्र तेव्हापासून आमचा फोन उचललेला नाही. त्यांच्यासाठी बांधून ठेवलेली लोणच्याची बरणी आता फिनिक्समार्गे न्यू जर्सीला कशी पाठवायची, याची आमच्या घरी दुसरी सभा बसली आहे.