दफ्तराचे दोन अर्थ



मराठीत मूल दफ्तर पाठीला लावून शाळेत जातं. उर्दूत अब्बू दफ्तरला जातात, म्हणजे कार्यालयात. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. सावनेरसारख्या गावात घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांना हे दोन्ही अर्थ कुणी शिकवावे लागत नाहीत. तरी पालक विचारतात, “सर, कॉम्प्युटरच्या जमान्यात उर्दूचा काय उपयोग?” याचं उत्तर एका अगदी लहान प्रोग्रामच्या उदाहरणाने देतो.

मॅक संगणकासाठी ‘आल्फ्रेड’ नावाचं लाँचर ॲप आहे. ठरलेली कळ दाबली की पडद्यावर एक पट्टी उघडते. दोन-चार अक्षरं टाइप केली की हवी ती फाइल किंवा ॲप खालच्या यादीत दिसतं. 2013 साली त्यात ‘वर्कफ्लो’ची सोय आली. त्या यादीत काय दिसावं, हे आपण स्वतः छोटा प्रोग्राम लिहून ठरवू शकतो.

समजा, आपल्या मुलीला मराठी-उर्दू शब्दार्थाचा वर्कफ्लो करायचा आहे. ‘दफ्तर’ टाइप केलं की मोठ्या अक्षरांत दिसावं, ‘शाळेची पिशवी’. त्याखाली बारीक ओळ, ‘उर्दूत: कार्यालय’. आणि एंटर दाबल्यावर पुढे कोणता मजकूर जावा, ही तिसरी गोष्ट. या तिन्ही गोष्टी ‘जेसन’ नावाच्या ठरलेल्या मांडणीत द्याव्या लागतात. एक अवतरणचिन्ह सुटलं किंवा स्वल्पविराम चुकला, की सगळी यादीच बिघडते.

ही कटकट वाचवण्यासाठी काही प्रोग्रामरांनी छोट्या ‘लायब्ररी’ लिहून ठेवल्या आहेत. इथे लायब्ररी म्हणजे कुणालाही वापरता येईल असा तयार कोड. नॉर्वेचे सिंद्रे सोर्हस यांची ‘आल्फी’ ही अशीच एक. आपण शीर्षक, उपशीर्षक आणि मजकूर द्यायचा. मांडणी ती करते. तिचा परवाना ‘एमआयटी’ प्रकारचा आहे. पैसे नाहीत, बदल करायलाही मुभा. अट एवढीच की मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर कोडसोबत ठेवायचा. माणसाच्या मागे राहून लोकांना फायदा देणारं इल्म हे सदका-ए-जारिया आहे, असं आपण मुलांना सांगतो. मग दुसऱ्याचा कोड घेऊन त्याचं नाव पुसणं ही अमानतीत खियानत आहे, हेही त्यांना सांगायला हवं.

पण लायब्ररी फक्त लिफाफा तयार करते. आतलं पत्र आपलंच लागतं. ‘दफ्तर’चे दोन अर्थ तिला ठाऊक नाहीत, पुण्याच्या ‘पेशवे दफ्तरा’त हा शब्द कागदपत्रांसाठी का आला, हेही नाही. ते सांगणार दोन्ही भाषा जाणणारं मूल. म्हणून उर्दू हे ओझं नव्हे, ती मुलांची पुंजी आहे.

मॅक महाग असतो आणि आल्फ्रेडच्या वर्कफ्लोसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. साध्या संगणकावर मोफत लिनक्स टाकता येतं आणि त्यावर ‘यूलाँचर’ मोफत मिळतं. त्याची जोड पायथनमध्ये लिहितात. तिथेही हिशेब तोच: नाव, वर्णन आणि एंटर दाबल्यावर काय व्हावं.

सुरुवात मात्र वहीपासून करा. या महिन्यात घरात बसून वीस शब्द काढा, जे मराठीत एक आणि उर्दूत दुसरंच सांगतात. ‘खाली’ घ्या, ‘तारीख’ घ्या. दादी-नानीला विचारा, त्यांच्याकडे असे शब्द पुष्कळ निघतील. खात्री करायला श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश पाहा. यादी पक्की झाली की अर्धा प्रोग्राम झालाच म्हणून समजा.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्मात बरकत देवो. आमीन.