एका गुणाची गोष्ट

गणेशोत्सवात आमच्या गल्लीतल्या मंडळाची प्रश्नमंजूषा असते. प्रश्न काढण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे. 'तुमचं जनरल नॉलेज दांडगं बुवा!' असे कोणी म्हटले की मीही सुखावतो.

काही वर्षांपूर्वी सहावी-सातवीतल्या एका मुलीला मी विचारले, "पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर दिसतो तो महाल कोणाचा?" माझ्या कार्डावर उत्तर होते, चांदबिबीचा. सारे नगर तेच म्हणते. मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, तो महाल नाही, कबर आहे. सलाबतखानाची." मंडपात हशा पिकला. मी 'चूक' म्हणालो आणि प्रश्न पुढच्या गटाकडे गेला. तिचा गट एका गुणाने हरला.

घरी येऊन जुने गॅझेटियर काढले. मुलीचेच बरोबर होते! ती अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांशी झुंजत राखला तो नगरचा भुईकोट किल्ला. लोकांच्या मनात तिचे स्थान एवढे मोठे, की डोंगरावरची कबरही तिच्या नावावर जमा झाली.

चूक माहितीची होती, त्याहून अधिक माझ्या वृत्तीची होती. मुलीला 'तुला कसे ठाऊक?' एवढेसुद्धा मी विचारले नाही. कार्डावर लिहिले आहे तेच खरे, असे मानून मोकळा झालो.

आपले सामान्यज्ञान हे असे कार्डांचे झाले आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर? कळसूबाई, १६४६ मीटर. भंडारदरा धरण कधी पूर्ण झाले? १९२६. ज्ञानेश्वरी कोठे सांगितली गेली? नेवासे, १२९०. सहकारी साखर कारखान्याचा पाया विठ्ठलराव विखे पाटलांनी कोठे घातला? प्रवरानगर. चार प्रश्न, चार गुण, विषय संपला! पण कळसूबाई ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या डोंगरांत प्रवरा उगम पावते. भंडारदऱ्याला ती अडते, तिच्या पाटपाण्यावर ऊस उभा राहतो, म्हणून १९५० च्या सुमारास तिथे कारखाना उभा राहतो. वाटेत तिच्याच काठी जोर्वे आणि दायमाबाद ही साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गावे भेटतात. पुढे नेवासे येते. भूगोल, इतिहास, शेती आणि संतवाङ्मय अशा वेगवेगळ्या गठ्ठ्यांतली ही कार्डे एका नदीने ओवलेली आहेत. मुलांना आपण मणी देतो, दोरा देतच नाही.

आणि कार्डे शिळीही होतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि कपाटातली सारी पुस्तके एका दिवसात जुनी ठरली. ते नाव का, हे मात्र ज्याला चौंडी आणि १७२५ साली तिथे जन्मलेली अहिल्या ठाऊक आहे, त्याला वेगळे घोकावे लागले नाही.

'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' कोठे लिहिले गेले, हाही आमचा हुकमी प्रश्न. उत्तर : नगरचा किल्ला, १९४४. पण नेहरूंनी प्रस्तावनेत बंदिवासातल्या अकरा सोबत्यांचे ऋण मानले आहे, हे किती जणांना ठाऊक असते? एवढा मोठा वाचक माणूस, तोही शेजारच्या माणसांकडून शिकत होता.

पुढच्या गणपतीत मी मंचावरून चूक कबूल केली आणि त्या मुलीला तो एक गुण जाहीर करून टाकला. टाळ्या झाल्या. नंतर तिला विचारले, "तुला कसं गं ठाऊक होतं?"

"आजोबांबरोबर गेले होते, सर. खाली तळघरात थडगी आहेत. महालात थडगी कशाला असतील?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही नाही गेलात कधी?"

चाळीस वर्षे तो डोंगर मी खालूनच पाहत आलो होतो. त्याच रविवारी वर चढून गेलो.