काढता पाय नव्हे, काढती भिंत!

टू बीएचकेमध्ये राहणाऱ्या बहुतेक जोडप्यांना कधी ना कधी तिसरी खोली लागतेच. गावाहून आई-बाबा राहायला आले की तर नक्कीच! एका बेडरूममध्ये परीक्षेला बसलेली लेक, दुसरीत आपण आणि बाबा हॉलमधल्या दिवाणवर. टीव्ही बंद झाल्याशिवाय त्यांना आडवं होता येत नाही, आणि ते तसं बोलूनही दाखवत नाहीत.

विटांची भिंत घालावी, तर हॉल कायमचा अंधारा. घर भाड्याचं असेल तर विषयच संपला. म्हणून हवी काढता येणाऱ्या पॅनल्सची पार्टिशन.

मला हा फंडा नवा वाटत नाही, कारण मी चंदगडचा. आमच्याकडच्या जुन्या दुकानांना शटर नव्हतं, फळ्या होत्या. खाली उंबऱ्याला खाच, वर तुळईला खाच. वरची खोल, खालची उथळ. फळी आधी वर सारायची, मग खाली सोडायची. कुठली फळी कुठे, हे कळायला नंबर घातलेले. सकाळी दुकान उघडायचं म्हणजे अख्खी भिंत काढून बाजूला ठेवायची!

घराच्या आतही हे जमतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला १९२४ साली खेरिट रिटफेल्ड यांनी श्रोडरबाई आणि त्यांच्या तीन मुलांसाठी घर बांधलं. वरच्या मजल्यावर सरकत्या पार्टिशन्स. दिवसा एकच मोठी खोली, रात्री वेगवेगळ्या खोल्या. २००० साली हे घर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

आता आपल्या हॉलचं बघू. सुताराकडून लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट करून घ्या, आणि तिचे दोन बाय चार फुटांचे चौकोन पाडा. १२ मिलिमीटर प्लायचा एवढा तुकडा एका माणसाला सहज उचलता येतो. वरची खाच २० मिलिमीटर, खालची १० ठेवली की फळ्यांचीच युक्ती! बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायला लावा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. वरच्या रांगेत प्लायऐवजी दुधी अॅक्रिलिक घातलं, तर हॉलमधला उजेड आत जातो. स्विचबोर्ड मात्र काढत्या पॅनलवर नको, पक्क्या खांबावर घ्या. आणि पॅनल्सच्या मागे नंबर टाकायला विसरू नका.

एक खरं सांगतो, आवाज यातून पूर्ण थांबत नाही. खाचांमध्ये रबराची किंवा नमद्याची पट्टी लावली तर कमी होतो, एवढंच. बाकीचं काम आपलं. टीव्हीचा आवाज कमी करायचा, आणि आत जाण्याआधी टकटक करायची. पार्टिशन तात्पुरती असली तरी ती आहे तोवर ती बाबांची खोली आहे!