कॉलेज आपल्या कामाचे हवे



१९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. गोंदिया तेव्हा आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते. पोरांना घराजवळ कॉलेज मिळाले, हे उपकार मोठेच.

पण आज बी.ए. झालेला पोरगा घरी बसून असतो, अन् मोटार जळली की बाप मेकॅनिक शोधत तालुक्याला जातो. प्रवरेला कारखान्यापाठोपाठ शाळा, कॉलेजे उभी झाली. आपल्याला एवढे नको. जवळच्या कॉलेजात मोटारदुरुस्ती, माती परीक्षण, रस तपासणीचे सहामाही वर्ग काढावेत. प्रात्यक्षिकाला आपली शेते अन् कारखान्याची प्रयोगशाळा आहेच. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रालाही विचारावे.

वार्षिक सभेत हा ठराव मांडा. सवलतीच्या साखरेवर आपण तासभर भांडतो; पोरापोरींसाठी दहा मिनिटे तरी बोलू या.