शाळेचीही पैसेवारी काढा



कापसाच्या भावासाठी बोलावलेल्या बैठकीत शाळेच्या परीक्षेचा विषय कशाला, असे काही जण विचारतील. कोरडवाहूत पिकत नाही, पिकले तर भाव नाही. म्हणून घरोघरी एकच बोलणे ऐकू येते, पोरांनी तरी शिकून यातून निघावे. पण ज्या शाळेच्या भरवशावर आपण हे बोलतो, त्या शाळेचा हिशेब आपण कधी मागत नाही.

आधी सरकारने काय काय केले ते पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तीतही अडला तर पुन्हा त्याच वर्गात. शिवाय २०२३-२४ पासून जागतिक बँकेच्या कर्जावरील 'स्टार्स' प्रकल्पातून तिसरी ते आठवीला भाषा, गणित व इंग्रजीच्या चाचण्या आल्या. त्यांचे गुण गुरुजींनी मोबाईलवर भरायचे.

चाचण्या वाढल्या, शिक्षक वाढले का? २०१२ मध्ये भरती थांबली ती कित्येक वर्षे अडूनच राहिली. २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर राबवून घेतात. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली. पुढे तो निर्णय रद्द झाला, पण सरकारच्या मनात काय आहे ते दिसून गेले. पटावर साठपर्यंत मुले असली तर कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला शिक्षक दोनच. पाच वर्ग आणि दोन गुरुजी. त्यातला एक मतदारयाद्यांच्या किंवा माहिती भरण्याच्या कामाला गेला की उरलेल्याने शिकवायचे तरी कसे?

आम्ही चाचणीच्या विरोधात नाही. 'नापास नाही' म्हणजे 'शिकवले नाही तरी चालेल' असा अर्थ काही शाळांनी लावला आणि वाचता न येणारी मुले वरच्या वर्गात गेली, हे आपण आपल्याच घरात पाहिले आहे. कामचुकार गुरुजींची वकिली आम्हाला करायची नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. चाचणीत मूल कच्चे निघाले, तर बांधला कोण जातो? आजच्या नियमात मूल बांधले जाते, गुरुजीला जाब विचारला जातो. सरकार मात्र मोकळे.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. माती परीक्षणाच्या चिठ्ठीवर 'नत्र कमी' लिहून आले, तर ती चिठ्ठी शेतात पुरून नत्र वाढत नाही. पण त्याहून जवळचा दाखला पैसेवारीचा आहे. पीक कापणी प्रयोग होतो, पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, पोरांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती मागता येतात. म्हणजे मोजमाप खाली आले की देणे सरकारच्या अंगावर पडते. मग शाळेलाच उलटा न्याय का? पीक बुडाले तर निदान कागदावर तरी शेतकऱ्याला दंड नाही. पोराचे शिक्षण बुडाले तर दंड पोराला!

पैसेवारीतले दुखणेही आपल्याला ठाऊक आहे. आकडा वर गेला की वरचा साहेब खूश, म्हणून तो फुगतो. गुणांचेही तसेच होणार. ज्याच्या गळ्याशी निकाल येतो त्याच्याच हाती मोजमाप दिले, तर सगळी शाळा 'प्रगत' निघेल आणि आपल्या पोराला अर्ज लिहिता येणार नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या कष्टाचा पैसा रयतेच्या शाळांवर खर्च होत नाही, हे त्यांनी साहेबाला सुनावले. प्राथमिक शिक्षक शिकवण्यात तयार झालेला असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, त्याला दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, असे त्यांनी मागितले. आधी शिक्षक उभा करा, मग त्याच्याकडून काम घ्या, हा क्रम त्यांनी तेव्हाच सांगून ठेवला.

म्हणून या बैठकीत ठराव घेऊ या. ज्या शाळेत निम्मी मुले चाचणीत मागे पडतील, तिथली रिकामी जागा ठरावीक मुदतीत भरलीच पाहिजे. त्या मुलांसाठी जादा शिकवणीची सोय सरकारी खर्चाने व्हावी. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक याखेरीजचे काम शिक्षकाला लावायचे नाही, हे कायद्याच्या कलम २७ मध्येच आहे, ते पाळावे. आणि पऱ्हाटीच्या वेच्याच्या दिवसांत चाचणी ठेवू नये, तेव्हा अर्धी पोरे शेतात असतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. सह्या करून परत येण्यासाठी ती नाही. गावागावांतून रिकाम्या जागांची यादी आणा. डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात येते. कापसाच्या भावाच्या निवेदनासोबत ही यादीही दारात ठेवू. भावही आपला, पोरेही आपलीच.